लाल कोटांचं गाव

सांता क्लाराच्या खोऱ्यात नोकरीसाठी आलेल्या माणसाला गावाचा इतिहास विचारा, तो १९६८ पासून सुरुवात करतो. त्या वर्षी शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये इंटेल स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत सांता क्लारात येऊन बसली. त्याआधी काय होतं, असं विचारलं तर ‘बागा होत्या’ एवढंच मोघम उत्तर मिळतं. बागा होत्याच. जर्दाळू, आलुबुखार, चेरी. वसंतात नजर जाईल तिथवर मोहोर आणि उन्हाळ्यात फळं वाळवायच्या फळ्यांच्या रांगा. खोऱ्याला तेव्हा ‘व्हॅली ऑफ हार्ट्स डिलाइट’ म्हणत. ‘सिलिकॉन व्हॅली’ हे नाव एका नियतकालिकात छापून आलं ते १९७१ च्या जानेवारीत. पण बागा तुटत होत्या आणि कारखाने उभे राहत होते, त्या मधल्या धांदलीत या गावानं आणखी एक गोष्ट उभी केली. सांता क्लारा व्हॅन्गार्ड नावाचा ड्रम कोअर. स्थापना १९६७, म्हणजे इंटेलहून एका वर्षानं थोरला.

ही माहिती मला सांगितली ती आमच्या शेजारच्या घरानं. त्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहतात. माझी मुलगी त्यांना मराठीतच ‘आजोबा’ म्हणते आणि ते ओ देतात. त्यांची आई नव्वदी ओलांडून अजून ताठ आहे. साहजिकच त्या ‘थोरल्या आजी’ झाल्या. आजोबा १९७४ ते १९७८ व्हॅन्गार्डमध्ये होते, खांद्यावर घ्यायचा भला मोठा काँट्राबास बिगुल वाजवत. आजींनी एकही वाद्य कधी हातात धरलं नाही, तरी कोअरचा इतिहास त्यांनाच जास्त पाठ आहे. आजोबा किस्सा सांगतात आणि आजी त्यातली भर काढून टाकतात, अशी त्या घरची पद्धत.

ओळख झाली ढोलामुळे. बे एरियात गणपतीच्या आधी मराठी मंडळींच्या ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. शनिवारी ओस पडलेल्या एखाद्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये आमचे ढोल घुमायला लागतात. पुण्यात कॉलेजला असताना पथकात वाजवलेलं, म्हणून मी तिथे जरा जुना जाणता. एका संध्याकाळी पार्किंगच्या कडेला एक उंच म्हातारा गृहस्थ हाताची घडी घालून उभा दिसला. आवाजाची तक्रार करायला आले असतील असं वाटून आमच्यातला एक जण लगबगीनं पुढे गेला. पण त्यांचा डावा पाय ठेक्यावर पडत होता. वादन थांबल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘तुम्हाला गुण कोण देतं?’’

मी म्हटलं, ‘‘कुणीच नाही.’’

‘‘मग तुम्ही हरता कसे?’’

‘‘हरत नाही.’’

‘‘अरेरे,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणजे जिंकतही नाही.’’

पुढचा सगळा इतिहास या ‘अरेरे’मधून सुरू झाला.

ड्रम कोअर हा प्रकार मराठी वाचकाला सांगायचा तर आधी बँड डोक्यातून काढावा लागतो. शाळा-कॉलेजांच्या मार्चिंग बँडमध्ये बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन सगळं असतं. कोअरमध्ये तसलं काही नाही. फक्त पितळी बिगुल आणि तालवाद्यं. जोडीला ‘कलर गार्ड’, म्हणजे झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी हवेत भिरकावून झेलणारी मुलंमुली. मैदान अमेरिकन फुटबॉलचं. त्यावर दर पाच यार्डांवर आखलेल्या पांढऱ्या रेघा, आणि दोन रेघांमधलं अंतर बरोबर आठ पावलांत कापायचं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जास्तीत जास्त १२८ मुलं, वयाची मर्यादा एकवीस. अकरा-बारा मिनिटांचा एक खेळ. हिवाळाभर त्याची जुळवाजुळव करायची, उन्हाळाभर देशभर हिंडून तोच खेळ पुन्हापुन्हा करायचा आणि ऑगस्टमधल्या एका रात्री अंतिम फेरीत तो शेवटचा वाजवायचा. पुढच्या वर्षी नवा खेळ. एवढी मेहनत करून तयार केलेली गोष्ट दरवर्षी मोडून टाकायची, याचं मला नवल वाटे. आजोबा म्हणतात, ‘‘पीक काढलं की शेत नांगरतातच ना?’’ त्यांचे वडील इथल्या फळं डबाबंद करायच्या कारखान्यात होते, त्यामुळे त्यांची बोली अजून बागांचीच आहे.

या सगळ्याचं मूळ लष्करी. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी अमेरिकन लीजन ही संघटना काढली. व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स, म्हणजे व्हीएफडब्ल्यू, ही त्याहून जुनी. गावोगावी त्यांच्या शाखा होत्या. छावणीत हुकूम द्यायला वापरायचा बिगुल आणि कवायतीचा ढोल या सैनिकांच्या ओळखीचे. त्यातून पथकं निघाली, १९२० च्या दशकापासून राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या आणि मग चर्चच्या पॅरिशांनी, स्काउटांनी, पोलिसांच्या क्लबांनी मुलांचे कोअर काढले. न्यू जर्सीतल्या गारफिल्ड गावाच्या होली नेम चर्चचे कॅडेट्स १९३४ चे, शिकागोचे कॅव्हेलियर्स १९४८ चे. मुलं रस्त्यावर उनाडू नयेत, हा सगळ्यांचा साधा हेतू. बिगुलाला सुरुवातीला कळ नव्हती, त्यामुळे मोजकेच स्वर निघत. मग एक कळ आली, १९७७ मध्ये दोन कळा चालू लागल्या, १९९० मध्ये तीन. आजोबांच्या काळात सगळे बिगुल ‘जी’ स्वराचे असत आणि त्यांना सुरात ठेवणं म्हणजे दिव्य. ‘‘आमचे बिगुल सुरात नव्हते,’’ ते कबूल करतात, ‘‘पण सगळे मिळून एकाच जागी बेसूर होतो.’’ आजी म्हणतात, ‘‘नाही. तू एकटाच होतास.’’

सांता क्लारात आधी स्पार्क्स नावाचा कोअर होता. त्याचा मार्चिंग बँड करायचं ठरलं, तेव्हा ज्या मुलांना बिगुल-ढोल सोडायचा नव्हता ती बाहेर पडली आणि गेल रॉयर या संगीतशिक्षकाच्या मागे उभी राहिली. तो व्हॅन्गार्ड. रॉयर शाळेत शिकवत आणि उरलेला सगळा वेळ कोअरला देत. कितीतरी वर्षं बिगुलांचं संगीत त्यांनी स्वतः बसवलं. सैनिकी कूच आणि देशभक्तीची गाणी यांच्या पलीकडे जाऊन त्यांनी मुलांच्या हाती ब्रिटनचं ‘यंग पर्सन्स गाइड टु दि ऑर्केस्ट्रा’ दिलं, ‘फिडलर ऑन द रूफ’ दिलं. डबाबंद कारखान्यातल्या कामगारांची मुलं, सनीवेलच्या लॉकहीडमध्ये क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या इंजिनियरांची मुलं, उरल्यासुरल्या बागाइतदारांची मुलं एका रांगेत उभी राहिली. अंगात लाल कोट आणि डोक्यावर एका बाजूनं कड दुमडलेली ऑस्ट्रेलियन धाटणीची टोपी. रॉयरना हसताना कधी पाहिलं का, असं मी एकदा विचारलं. आजोबा विचार करत राहिले. आजी म्हणाल्या, ‘‘बिंगो हॉल भरला की हसायचे.’’ त्या बिंगोकडे मी येणारच आहे.

स्पर्धा तोवर माजी सैनिकांच्या संघटनांच्या हातात होत्या. नियम त्यांचे, परीक्षक त्यांचे, बक्षिसाची रक्कम तेच ठरवणार. तिकिटं खपायची मुलांच्या जिवावर, पण मुलांच्या बसचं डिझेलसुद्धा बक्षिसात निघत नसे. १९७१ मध्ये पाच कोअर एकत्र आले: वायोमिंगमधल्या कॅस्परचे ट्रूपर्स, शिकागोचे कॅव्हेलियर्स, विस्कॉन्सिनचे मॅडिसन स्काउट्स आणि ब्लू स्टार्स, आणि पश्चिम किनाऱ्यावरून व्हॅन्गार्ड. बोलवायचं तर पाचांना मिळून बोलवा आणि योग्य मानधन द्या, असं त्यांनी आयोजकांना कळवलं. ट्रूपर्सचे जिम जोन्स, कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन आणि रॉयर ही यातली मोठी माणसं. त्यातूनच ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही कोअरनीच चालवलेली संस्था जन्माला आली. तिची पहिली अंतिम स्पर्धा ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या छोट्या विद्यापीठगावात झाली. अनाहाइम किंग्समेन पहिले, ब्लू स्टार्स दुसरे, व्हॅन्गार्ड तिसरे. पुढच्या वर्षी तिथेच व्हॅन्गार्ड पहिले आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाला पुन्हा पहिले. आजोबांचं ते पहिलंच वर्ष.

इथाकाची गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे आणि दर वेळी तिच्यातली बस थोडी अधिक जुनी झालेली असते. खंडाच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत बसनं जायचं. रात्री प्रवास, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेत पोचायचं, फरशीवर पथाऱ्या टाकायच्या, तीन-चार तास झोपायचं, दिवसभर उन्हात सराव, संध्याकाळी स्पर्धा, मग सामान भरून पुन्हा बस. काँट्राबास वाजवणाऱ्याचा एक खांदा कायमचा खाली येतो, असं ते म्हणतात आणि उठून दाखवतात. मला दोन्ही खांदे सारखेच दिसतात. जेवण बरोबरच्या ट्रकमध्ये शिजायचं. तिथे स्वयंपाकाला मुलांच्या आया असत, आणि त्यांच्यात आमच्या आजी. शंभराहून जास्त वाढत्या वयाची पोरं आणि दिवसातून चार वेळा खाणं. ‘‘लोकांना निकाल आठवतात,’’ आजी म्हणतात, ‘‘मला कांदे आठवतात.’’

निकाल जाहीर करायची रीत मात्र दोघंही सारखीच सांगतात, एरवी त्यांचं कशावर एकमत होत नाही. अंतिम फेरीतले बाराही कोअर मैदानात उभे. बाराव्यापासून वर नावं पुकारली जातात. कुणी हलायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही. सावधान म्हणजे सावधान. अशानं पहिला कोण हे पहिल्याचं नाव पुकारल्यावर कळतच नाही. दुसऱ्याचं पुकारलं की कळतं. दुसरा क्रमांक दुसऱ्याच कुणाला मिळाला आणि आपलं नाव अजून यायचं आहे, ते काही क्षण गालाचा स्नायूसुद्धा न हलवता काढायचे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी. आजोबांच्या मते त्यांच्या आयुष्यात सगळ्यात कठीण वाजवणं तेच, न वाजवता उभं राहणं.

त्या काळी गुण कसे देत, हे ऐकल्यापासून मी आमच्या पथकातल्या पोरांना कधी रागावू शकलो नाही. परीक्षक हातात पाटी-पेन्सिल घेऊन मैदानात उतरत आणि वाजवणाऱ्यांच्या रांगांमधून फिरत. कुणाचं पाऊल चुकलं, कुणाचा स्वर फाटला, कुणाची काडी उशिरा पडली की पेन्सिलीची एक खूण. तिला ‘टिक’ म्हणत. एका टिकेला दशांश गुण वजा. परिपूर्णतेपासून सुरुवात करायची आणि खाली खाली येत जायचं. आजोबा सांगतात, आयोवातल्या एका गावी परीक्षक त्यांच्या अगदी मागे येऊन थांबला आणि त्यांना पेन्सिलीचा आवाज ऐकू आला.

‘‘काँट्राबास वाजवताना?’’ आजींनी विचारलं. ‘‘तुला स्वतःचा बिगुल ऐकू येत नव्हता. पेन्सिल कुठली?’’

‘‘ती ऐकू येतेच,’’ आजोबा म्हणाले.

१९८३ चा हंगाम संपला आणि टिक गेली. १९८४ पासून परीक्षक चुका मोजण्याऐवजी काय साधलं ते पाहून गुण देऊ लागले. या बदलाबद्दल आजही त्या घरात वाद होतो. टिक होती म्हणून आम्ही भित्रे झालो, अवघड काही करायला धजत नव्हतो, असं आजोबांचं मत. टिक गेल्यावर संगीत अवघड झालं, कवायत वेगवान झाली आणि न्यू जर्सीच्या कॅडेट्सनी मैदानभर धावत काढलेल्या आकृत्यांनी सगळ्यांचे डोळे फिरवले, हे ते मोकळेपणी मान्य करतात. आजींना नवी पद्धत पटत नाही. ‘‘चूक ही चूक असते. ती सगळ्यांना दिसते. ‘साधलं’ म्हणजे काय, ते कुणी सांगावं?’’ मी दोन्ही बाजूंनी मान हलवतो, कारण दोन्ही घरांमधल्या कुंपणाची फळी सैल आहे आणि ती बसवायला मला आजोबाच लागतात.

ढोलाबद्दल मात्र वाद नाही. व्हॅन्गार्डचा तालविभाग फ्रेड सॅनफर्ड यांनी घडवला आणि सत्तरच्या दशकात देशभरातले लोक त्यांच्याकडून शिकले. आजोबांनी मला एकदा अंगणात बास ड्रमची ‘स्प्लिट’ समजावून सांगितली. वेगवेगळ्या आकारांचे, वेगवेगळ्या स्वरांत ताणलेले ढोल, एकेका वादकाच्या गळ्यात एकेक. भरभर जाणारी एकच ओळ सगळ्यांनी वाटून घ्यायची. पहिला एक घाव देतो, दुसरा पुढचा, तिसरा त्यापुढचा. ऐकणाऱ्याला एकाच माणसानं ढोलांवरून हात फिरवल्यासारखं वाटायला हवं. कुणालाही आपली ओळ एकट्यानं वाजवून घरी दाखवता येत नाही, कारण एकट्याच्या वाट्याला ओळ येतच नाही. येतात फक्त मोकळ्या जागा आणि त्यांच्यामधला एखादा घाव. मी त्यांना आमच्या पथकाचं सांगितलं: ताशानं चाल धरायची आणि पन्नास-साठ ढोलांचा टोला एका क्षणी पडायचा. ते म्हणाले, ‘‘म्हणजे तुमच्यात चुकणारा लपतो.’’ नाही लपत, मी म्हटलं. टोल्याच्या जरा मागे पडलेला एक ढोलसुद्धा अख्ख्या रस्त्याला कळतो. त्यानंतर ते आमच्या प्रत्येक सरावाला यायला लागले. टिका मोजायला, असा मला दाट संशय आहे.

१९७८ मध्ये डेन्व्हरला व्हॅन्गार्डनं तिसरं अजिंक्यपद मिळवलं. त्याच रात्री आजोबांची कोअरमधली मुदत संपली; वयाची एकविशी. तासाभराच्या अंतरावरच्या काँकर्डचे ब्लू डेव्हिल्स तोवर १९७६ आणि १९७७ असे लागोपाठ जिंकून गेले होते. त्यांची वाट जॅझची. एकाच खाडीभोवतीची ही दोन गावं आणि त्यांचं वैर. आजींच्या बहिणीचं सासर काँकर्डचं. काही वर्षं ऑगस्ट महिन्यात त्या बहिणीशी बोलत नसत. ‘‘सप्टेंबरमध्ये बोलायचे,’’ आजी स्पष्ट करतात.

आणि मग १९८०. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला व्हॅन्गार्ड सातवे आले. डीसीआय सुरू झाल्यापासून दर वर्षी पहिल्या तिनांत असणारा कोअर सातवा. आजोबा तेव्हा स्वयंसेवक म्हणून सामानाचा ट्रक चालवत होते. परतीच्या वाटेवर टेक्सासपासून ॲरिझोनापर्यंत ट्रकमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही, असं ते सांगतात आणि इथे आजी त्यांना अडवत नाहीत. गावात मात्र बोलणं झालं. किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, केस कापायच्या दुकानात. रॉयर थकले, मुलं लाडावली, संगीत जड झालं. ज्याला जे वाटलं ते त्यानं सांगितलं. ज्यांनी आयुष्यात कधी बिगुल ओठाला लावला नव्हता त्यांचीही मतं होती. दुसऱ्या वर्षी, १९८१ मध्ये, माँट्रियलच्या अंतिम फेरीत व्हॅन्गार्ड पहिले आले. सातव्यावरून पहिले. ती हकीकत सांगताना आजोबा उभे राहतात. त्या वर्षी ते माँट्रियलला नव्हतेच, गोदामात रात्रपाळी करत होते, हे आजींनी मला नंतर स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. त्यांच्या समोर कधीच नाही. त्यांच्या गोष्टीतली तेवढीच एक भर आजींनी आजवर राहू दिली आहे.

आता बिंगो. कॅलिफोर्नियात १९७६ मध्ये धर्मादाय संस्थांना पैसे उभारण्यासाठी बिंगो खेळवायची मुभा मिळाली. कोअरच्या दृष्टीनं ही घटना संगीताच्या कुठल्याही क्रांतीपेक्षा मोठी. बस, डिझेल, कोट, बिगुल, शिक्षकांचं मानधन हे सगळं पावाच्या आणि केकच्या विक्रीतून निघणार नव्हतं. व्हॅन्गार्डनं बिंगो सुरू केला, पुढे त्यासाठी हॉल झाला आणि गावातली वडीलधारी माणसं पाळ्या लावून तिथे उभी राहिली. आजी त्यातल्या एक. पुकारलेले आकडे खोडायची शाईची बोटं, सिगारेटचा धूर, कडू कॉफी आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी मोजदाद. त्या सांगतात, पैसे आम्ही डॉलरमध्ये मोजत नव्हतो, मैलांत मोजत होतो. हिवाळ्यातल्या एखाद्या चांगल्या रात्री कुणीतरी गल्ला मिटवताना म्हणायचं, आज नेब्रास्का गाठलं. पाऊस पडला, माणसं कमी आली, की रीनोच्या पुढे जाता येत नसे.

मला या इतिहासातला सगळ्यात भरीव भाग हाच वाटतो. मैदानावर उतरणारी मुलं दरवर्षी बदलत होती. एकविशीचं कुंपण कुणाला चुकलं नाही. टिकून होती ती मैदानाबाहेरची माणसं. आकडे पुकारणारी, कोटांची बटणं लावणारी, ट्रक चालवणारी. त्यांच्या नावाला गुणपत्रिकेत रकाना नव्हता आणि टिकही नव्हती. १९८७ मध्ये गारफिल्ड कॅडेट्सनी व्हॅन्गार्डला एक दशांश गुणानं मागे टाकलं. आजी म्हणतात, ‘‘तेवढ्याची भरपाई करायला किती रात्री बिंगो लावावा लागेल, याचा हिशेब मी केला होता.’’ पुढच्या वर्षी मॅडिसन स्काउट्समुळे पुन्हा दुसरा क्रमांक. आणि १९८९ मध्ये, आदल्या वर्षीचाच ‘फँटम ऑफ दि ऑपेरा’ पुन्हा हाती घेऊन, कॅन्सस सिटीला शंभरांपैकी ९८.८ गुण आणि अजिंक्यपद. रॉयरनी पाहिलेलं ते शेवटचं. १९९३ मध्ये ते गेले. सत्तरच्या दशकात त्यांनी बसवलेलं साँडहाइमचं ‘सेंड इन द क्लाउन्स’ हे व्हॅन्गार्डचं स्वतःचं गाणं होऊन बसलं आहे. जुने लोक जमले की ते निघतं. आजोबांच्या घरीही निघतं, काँट्राबासचा भाग तोंडानं, आणि आमचा कुत्रा भुंकतो.

त्यानंतरची गोष्ट दोघं भरभर उरकतात. १९९९ मध्ये मॅडिसनला व्हॅन्गार्ड आणि ब्लू डेव्हिल्स यांना बरोबरीनं पहिला क्रमांक मिळाला. हा निकाल दोन्ही गावांनी मनातून आजवर मानलेला नाही. मग एकोणीस वर्षांचा दुष्काळ आणि २०१८ मध्ये इंडियानापोलिसला ‘बॅबिलॉन’ या खेळानं मिळालेलं सातवं अजिंक्यपद. दरम्यान सगळंच बदललं. २००० पासून ‘जी’ स्वराच्या बिगुलाची सक्ती गेली, २००४ पासून ध्वनिवर्धक आले. जड टिंपनी गळ्यात अडकवून चालणारी पोरं ऐंशीच्या दशकातच दिसेनाशी झाली होती; ती वाद्यं आता मैदानाच्या पुढच्या कडेला मांडून वाजवतात. मुलं देशभरातून, परदेशांतूनही निवड चाचण्या देऊन येतात आणि हंगामासाठी हजारो डॉलर भरतात. सांता क्लाराचं नाव कोटावर आहे, पण सांता क्लाराची पोरं त्यात थोडीच. जिथे लॉकहीडच्या आणि डबाबंद कारखान्यांच्या कामगारांची घरं होती तिथे आता आमच्यासारखे लोक राहतात, आणि आमची मुलं शनिवारी गणिताच्या क्लासला जातात.

कोविडनं दोन उन्हाळे स्पर्धेविना गेले. बिंगोचे हॉलही ओस पडले. आर्थिक अडचणींमुळे व्हॅन्गार्डनं २०२३ चा हंगाम घेतला नाही. ती बातमी आली त्या संध्याकाळी मी आजोबांकडे गेलो होतो. ते चिडतील असं वाटलं होतं. ते हिशेब करत बसले होते, कागदावर, मैलांमध्ये. आईकडून आलेली सवय. २०२४ मध्ये कोअर पुन्हा मैदानात उतरला, तेव्हा कितवा आला हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ‘‘बस निघाली,’’ एवढंच म्हणाले.

परक्या देशात घर घेतलं, कर भरला, मुलांना शाळेत घातलं, तरी गाव आपलं होत नाही. माझ्यापुरतं तरी ते झालं, या गावानं कशासाठी घसे बसवले आणि कशासाठी रात्री जागवल्या हे कळल्यावर. चिपांचा इतिहास जगाच्या मालकीचा आहे. १९८० च्या सातव्या क्रमांकाची नामुष्की मात्र इथल्याच मातीची, ती बाहेरच्याला कुणी सांगत नाही. मला सांगितली.

उन्हाळ्यात आता आम्ही बे एरियातला एकही शो चुकवत नाही. मागे एकदा पुण्याहून नुकतंच आलेलं एक तरुण जोडपं बरोबर होतं. दोघंही ढोलवाले, पथकातच जमलेलं. वाटेत मी त्यांना तयार करत होतो. खालच्या रांगेत बसायचं नाही, वर बसायचं, तरच आकृत्या दिसतात. एकटा वाजवतोय त्याच्याकडे बघायचं नाही, मागच्या रांगेतले पाय बघायचे. बास ड्रमची ओळ आली की डोळे मिटायचे आणि एकच माणूस वाजवतोय असं वाटतं का ते बघायचं. मुलगी म्हणाली, ‘‘दादा, यात व्हॅन्गार्ड म्हणजे चांगली टीम का?’’

‘‘चांगली?’’ मी म्हटलं. ‘‘अगं, ऐंशी साली आपण सातवे आलो होतो. सगळं गाव नाव ठेवत होतं. आणि एक्क्याऐंशीला माँट्रियलला पहिले!’’

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, ‘‘एक्क्याऐंशीला तू सोलापुरात बालवाडीत होतास.’’

‘‘हो ना,’’ मी म्हटलं, ‘‘म्हणून तर त्या वर्षीचं जाणं राहून गेलं.’’